गोळी सुटल्यावरची पाठदुखी : प्रस्तावना

दारू सोडलेल्या माणसाला आपण बेधडक सांगू शकतो की बाबा रे, आता जन्मात तिच्या वाटेला जाऊ नकोस. तो गेला नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. दारूवाचून कुणाचं ऑपरेशन थांबलेलं ऐकिवात नाही. वेदनाशामक गोळीच्या व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला मात्र असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही. त्याची दाढ दुखणार असते, मूतखडा होणार असतो, शेतरस्त्यावर मोटारसायकल घसरून हात मोडणार असतो. आणि ज्या पाठीपायी तो गोळीकडे गेला ती पाठ व्यसनमुक्ती केंद्रात महिना-सव्वा महिना राहून बरी झालेली नसते. नशा उतरते, पाठ तशीच राहते. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तो पुन्हा त्याच पाठीने त्याच कामावर उभा असतो.

हे पुस्तक त्या पाचव्या दिवसापासून सुरू होतं. केंद्रातल्या उपचारांवर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. घरी परतल्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांवर फार थोडं लिहिलं गेलं, आणि गोळ्यांच्या बाबतीत तर जवळपास नाहीच. जळगाव-धुळ्याकडच्या माणसांना समोर धरून कुणी हे लिहावं असं बरेच दिवस वाटत होतं. म्हणून प्रस्तावनेची विनंती आली तेव्हा आढेवेढे घेतले नाहीत.

आमच्या खान्देशात व्यसन म्हटलं की दारू आणि फार तर गांजा. शिरपूर तालुक्यातल्या गांजाच्या शेतांवर धाड पडल्याची बातमी दर हंगामात असतेच. मालेगाव-धुळ्याच्या बातम्यांत ‘कुत्ता गोळी’ही अधूनमधून येते. ती झोपेची अल्प्राझोलम, दुखण्याची गोळी नव्हे, पण पुढे तिचाही उल्लेख करावा लागणार आहे. या सगळ्यात दुखण्याच्या गोळीचं व्यसन कुणाच्या नजरेला येत नाही, कारण ती खाणारा माणूस व्यसनी दिसतच नाही. त्याच्या तोंडाला वास येत नाही, तो गटारीत पडत नाही. उलट गोळी घेतली की तो कामाला लागतो.

कामाचं बघा. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड कापून तो खांद्यावरून बांधापर्यंत, तिथून ट्रकपर्यंत नेणारा माणूस दिवसभरात किती खेपा करतो हे बागेत उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. वीस-पंचवीस किलोचा घड, खाली ओल, वर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. धुळ्याच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कारागीर, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात तिथे रात्री ढाब्यावर उतरणारा ट्रकड्रायव्हर, जिनिंगमध्ये गठाणी उचलणारा हमाल, कापूस वेचून कंबर धरलेली बाई. ‘कंबर दुखस, एक गोई दे’ हे वाक्य आमच्याकडे तंबाखू मागावी इतक्या सहज म्हटलं जातं. बायकांचा भाग तर अजूनच झाकलेला. डोकेदुखीची गोळी चहासोबत घेणाऱ्या कितीतरी जणी घराघरांत आहेत. महिन्यातले दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या घेत राहिलं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तालुक्याच्या गावातलं मेडिकल हे या गोष्टीतलं मुख्य ठिकाण. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं काउंटरला टेकतात. ‘पाठीची द्या, मागच्या टायमाची तीच.’ मागचा पोरगा खोक्यातून स्ट्रिप काढतो, कात्रीने चार गोळ्या कापतो, कागदी पुडीत टाकतो. कापताना नाव छापलेला भाग बऱ्याचदा दुकानाकडेच राहतो, त्यामुळे आपण काय खातोय हे खाणाऱ्याला वर्षभरसुद्धा कळत नाही. चिठ्ठी नाही, बिल नाही, वीस-तीस रुपयांत काम झालं. दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही. डॉक्टर तीस किलोमीटरवर आणि मजुरी बुडवून तिथे जायचं तर दिवस जातो, हे त्यालाही ठाऊक असतं. पण त्या पुडीत नेमकं काय आहे यावर सगळं अवलंबून आहे.

दुखण्याच्या गोळ्यांची दोन वेगळी घराणी आहेत. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफिनॅक यांचं पहिलं घराणं. यांची नशा होत नाही. अति घेतल्या तर पॅरासिटामॉल यकृताला भोवतं, बाकीच्या जठराला आणि मूत्रपिंडाला. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात घामाने शरीर सुकलेलं असताना तर मूत्रपिंडाला फारच. दुसरं घराणं अफूच्या नात्यातलं : कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिनचं इंजेक्शन. ही औषधं मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसतात जिथे अफू आणि हेरॉईन बसतात. दुखणं तर थांबतंच, शिवाय थकवा जातो, मन हलकं होतं, उमेद येते. काही आठवड्यांत शरीर त्या मात्रेला सरावतं, दोनच्या चार होतात, आणि एक दिवस गोळी चुकली की जांभया, डोळ्या-नाकातून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पायांत न थांबणारी कळ. गर्दुल्ल्यांच्या भाषेतली ‘टर्की’ ती हीच. खान्देशातल्या सज्जन शेतमजुराला मात्र तिचं नाव माहीत नसतं. तो म्हणतो, गोळी नाही घेतली तर ताप येतो, म्हणजे मला गोळीची गरजच आहे.

ट्रामाडॉल कितीतरी वर्षं ‘सवय न लागणारं’ म्हणून खपलं. भारत सरकारने एप्रिल 2018 मध्ये त्याला अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्याखाली आणलं. त्याआधी 1 मार्च 2014 पासून एच-वन नावाची यादी लागू झाली होती. तिच्यात ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, कोडीन आणि ती झोपेची अल्प्राझोलमही आहे. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. कायदा चांगला आहे. वही किती ठिकाणी भरली जाते ते वाचकाने आपल्या गावच्या मेडिकलमध्ये बघावं. टॅपेंटाडॉलची कथा तर आपल्या राज्यातच घडली. मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि स्नायू सैल करणारं कॅरिसोप्रोडॉल यांची मिश्र गोळी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. ते फेब्रुवारी 2025 मध्ये उघड झालं आणि केंद्र सरकारने त्या मिश्रणाला बंदी घातली. अमेरिकेत 1996 साली ऑक्सिकाँटिन बाजारात आलं तेव्हाही विक्रेते डॉक्टरांना हेच सांगत होते की व्यसनाचा धोका नगण्य आहे. तिथे 2021 या एका वर्षात अफूवर्गातल्या पदार्थांच्या अतिमात्रेने 80 हजारांवर माणसं गेली.

आपल्याकडची मोजदाद दिल्लीच्या ‘एम्स’ने 2019 मध्ये प्रसिद्ध केली. देशातल्या 10 ते 75 वयाच्या लोकांपैकी सुमारे 2.06 टक्के अफूवर्गातला कुठलातरी पदार्थ घेत होते आणि त्यात औषधाच्या रूपात घेणाऱ्यांचं प्रमाण 0.96 टक्के, म्हणजे अफू घेणाऱ्यांपेक्षा जास्त. दर शंभरातला एक. हजार वस्तीच्या गावात आठ-दहा माणसं धरा. त्या गावात हे व्यसन आहे हे कदाचित कुणालाच माहीत नसेल.

महाराष्ट्राला व्यसनमुक्तीचा धडा गर्दने शिकवला. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे जी रीत घातली तिचं मला सगळ्यात मोल वाटतं ते फॉलोअपसाठी. माणूस घरी गेला म्हणजे काम संपलं असं त्यांनी कधी मानलं नाही. गटात येऊन बोलायचं, बायकोनेही तिच्या गटात बोलायचं, घसरला तर लाज न बाळगता परत यायचं. आज आपल्याकडे बहुतेक केंद्रं हा कित्ता थोडाफार गिरवतात. पण तो घडला गर्द आणि दारूवर. पाठदुखीवाल्या मजुराला त्या गटात बसवलं की तो पहिल्या दिवशी म्हणतो, मी यांच्यातला नाही, मला डॉक्टरनेच दिली होती. आणि हे तो खरं बोलत असतो.

परत घसरण्याला आपण ‘मनाचा कच्चा’ म्हणतो. मला हे अजिबात मान्य नाही. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाला तिथे हेरॉईनचं व्यसन जडलं होतं. ते 1971 मध्ये मायदेशी परतले तेव्हा सरकारला धडकी भरली होती. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा माग काढला तर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेलेले निघाले शंभरात पाचच्या आसपास. बाकीचे काही एकाएकी मनाचे पक्के झाले नव्हते. त्यांचं ठिकाण बदललं होतं : ते जंगल, ते सोबती, ती भीती, तो स्वस्त माल, सगळं हजारो मैल मागे राहिलं. आमच्या माणसाचं नेमकं उलटं होतं. तो केंद्रात बरा होतो आणि नेमका त्याच बागेत, त्याच मुकादमाकडे, त्याच मेडिकलच्या वाटेवर परत येतो. सगळ्या व्यसनांचा एकत्र हिशेब केला तर उपचारानंतर शंभरातले चाळीस ते साठ जण कधी ना कधी पुन्हा घसरतात. रक्तदाबाच्या आणि दम्याच्या रोग्यांचं औषधपाणी सुटून दुखणं उलटण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच आहे. बीपी वाढला म्हणून आपण कुणाला मनाचा कच्चा म्हणत नाही.

घसरण एका दिवशी होत नसते, गोळी तोंडात जाते तो शेवटचा टप्पा असतो. आधीचे दोन-तीन आठवडे नीट पाहिले तर ती आलेली दिसते. झोप मोडते. जेवणाची वेळ चुकते. मिटिंगला जाणं ‘पुढच्या रविवारी’वर जातं. मग माणूस पाठीबद्दल जास्त बोलू लागतो. दुखणं खरंच वाढलेलं असतं, कारण अफूवर्गाची औषधं बराच काळ घेतल्यावर शरीर वेदनेला जास्त हळवं होतं आणि तो हळवेपणा काही महिने टिकू शकतो. मग एक दिवस तो काही कारण नसताना त्या मेडिकलवरून जातो, घेत काही नाही. मग जुना सोबती भेटतो. या पुस्तकातलं दुसरं प्रकरण या आधीच्या आठवड्यांवर आहे आणि घरच्यांनी निदान तेवढं तरी वाचावंच. झोप, भूक, राग आणि एकटेपणा या चार गोष्टींवर लक्ष ठेवणारी बायको खिसे तपासणाऱ्या बायकोपेक्षा जास्त कामाची.

घसरलाच तर पुढचे दोन दिवस फार महत्त्वाचे. ॲलन मार्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1985 च्या सुमारास दाखवून दिलं की पहिल्या चुकीपेक्षा तिच्यामागून येणारा ‘आता गेलंच सगळं’ हा विचार माणसाला जास्त बुडवतो. एक गोळी घेतली, घरी कळलं, सासऱ्यासमोर पंचनामा झाला, की तो उरलेली पूर्ण स्ट्रिप खातो. आणि इथे जिवाशी गाठ आहे. महिनाभर गोळी बंद असली की शरीराचा सराव मोडलेला असतो. पूर्वी जी मात्रा तो सहज पचवायचा तीच आता श्वास बंद पाडू शकते. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर आणखी लवकर. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. असा माणूस घोरतोय असं वाटत असेल, हलवून उठत नसेल, ओठ निळसर पडले असतील तर त्याला ‘झोपू द्या’ म्हणू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

आता पाठीकडे येतो, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे. माझं म्हणणं असं की या माणसाला शपथेपेक्षा दुखण्याचा बेत जास्त उपयोगी पडतो. घरी पोचण्याआधी कागदावर लिहिलेला बेत : पाठ दुखली तर काय, दाढ दुखली तर काय, ऑपरेशनची वेळ आली तर काय. दाढेचंच घ्या. रात्री अकरा वाजता ठणका सुरू झाला. बेत नसेल तर उत्तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे. बेत असेल तर घरात पहिल्या घराण्यातली, डॉक्टरने ठरवून दिलेली गोळी मोजून ठेवलेली असते, ती कुणाकडे आहे हे ठरलेलं असतं, आणि सकाळी दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर म्हणायचं वाक्य पाठ असतं : ‘डॉक्टरसाहेब, मला ट्रामाडॉलचं व्यसन होतं, ते सोडून मला इतके महिने झाले, त्या जातीचं काही देऊ नका.’ हे वाक्य म्हणायला माणूस लाजतो. गावातला डॉक्टर ओळखीचा असतो, त्याच्याकडे भावकीतलं कुणी बसलेलं असतं. तरीही म्हणायचं. मोठ्या ऑपरेशनला कधी कधी अफूवर्गातलं औषध खरोखर लागतं. तेव्हा ते दवाखान्यातच, मोजून, ठरल्या दिवसांपुरतं घ्यावं आणि घरी आणायचंच झालं तर स्ट्रिप दुसऱ्याच्या हाती असावी. जो नाल्ट्रेक्सोनवर, म्हणजे अफूवर्गाचा परिणाम अडवणाऱ्या औषधावर, असेल त्याच्यावर ऑपरेशनच्या वेळी ही औषधं नेहमीसारखी चालत नाहीत, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरला ते आधी कळलंच पाहिजे.

पाठीसाठी व्यायाम आहेत, आणि ते ठरल्याप्रमाणे केले तर उपयोगीही पडतात. पण दिवसाला दोनशे घड वाहणाऱ्याला ‘वजन उचलू नका’ म्हणणं ही चेष्टा आहे. तिथे मुकादमाशी बोलावं लागतं : दोन महिने वाहणीऐवजी कापणीला ठेव, नाहीतर भरणीला. पुस्तकात हा भाग चार पानांत उरकला आहे, तो चाळीस पानांचा हवा होता. उलट ध्यानधारणेवर आणि सकारात्मक विचारांवर गरजेपेक्षा जास्त पानं गेली आहेत, हे लेखकाला मी तोंडावर सांगितलं आहे, इथेही सांगतो.

खान्देशाचं वर्ष समोर ठेवून केलेली धोक्याच्या दिवसांची मांडणी मात्र मला फार आवडली. कापूस विकला गेला की हातात पैसा येतो आणि अंग वेचणीने मोडलेलं असतं, दोन्ही एकदम. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर सेवेच्या मांडवांत मलम, मालिश आणि गोळ्या प्रेमाने दिल्या जातात. देणाऱ्याला हात जोडून ‘मलम द्या, गोळी नको’ म्हणायची तयारी आधीच हवी. आखाजीला घर पाहुण्यांनी भरलेलं, पत्त्यांचे डाव मांडलेले, जुने सोबती हजर. लग्नसराईत रात्रीची जागरणं. या दिवसांत सण टाळायची गरज नाही. सोबत कोण असेल, रात्री मुक्काम कुठे, निघायचं कधी, एवढं आधी ठरलेलं असलं की पुरे.

एका वादावर बाजू घेणं मला भाग आहे. ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने दिलं तर तलफ आटोक्यात राहते, माणूस कामधंदा करतो आणि मरण्याचा धोका स्पष्टपणे कमी होतो. जगभरातला अनुभव हेच सांगतो. आपल्याकडे मात्र घरचे म्हणतात, एक गोळी सोडवून दुसरी लावली. इन्सुलिन घेणाऱ्याला आपण असं म्हणत नाही. ज्याला औषधाशिवाय जमतं त्याने तसं राहावं. ज्याला जमत नाही त्याच्याकडून निव्वळ इच्छाशक्तीची अपेक्षा धरून त्याला स्मशानापर्यंत पोचवू नये. दुसऱ्या टोकाची चूकही नको. कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फिन लागतं, ते त्याने निर्धास्त घ्यावं. हे पुस्तक वाचून त्याच्या घरच्यांनी त्याची बाटली लपवू नये.

पोलिसांची भीती हेही उपचाराला न येण्याचं एक कारण असतं. अमली पदार्थांच्या त्याच 1985 च्या कायद्यातलं कलम 64-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि तो पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या अतिरेकाशी निगडित आजार मानसिक आजारांत धरले आहेत आणि रोग्याला साखळीने बांधायला बंदी केली आहे. कुणी ‘आमच्याकडे दोन थपडांत सुधारतो’ असं सांगत असेल तर त्याच्या दारातून माघारी फिरा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत. आधी तिथे जाऊन केसपेपर काढा. व्यसनासाठी सरकारचा फोन 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416. दोन्ही फुकट आहेत.

शेवटचा शब्द मेडिकलवाल्या भाऊंसाठी, कारण हे पुस्तक त्यांच्याही हाती पडावं असा माझा आग्रह आहे. गावात कोण किती गोळ्या खातो हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, त्याच्या बायकोलाही नाही. चिठ्ठी मागा. स्ट्रिप कापताना औषधाचं नाव गिऱ्हाइकाकडे जाईल अशी कापा. आणि केंद्रातून परत आलेला माणूस काउंटरला टेकून ‘मागचीच द्या’ म्हणाला, तर नाही म्हणा, त्याला बसवा, पाणी द्या आणि त्याच्या घरी फोन करा.